तीनशे मीटरांची कसोटी

स्वित्झर्लंडमधील शेकडो गावांच्या वेशीबाहेर, कुरणाच्या एका टोकाला छपराखालचे नेमबाजीघर आणि दुसऱ्या टोकाला मातीच्या बांधापुढे उभी असलेली लक्ष्यांची रांग, अशी एक जागा हटकून आढळते, आणि या दोन टोकांमधले अंतर बहुतेक सर्वत्र ३०० मीटरच असते. या देशाच्या संरक्षणाचा भार मोठ्या खड्या फौजेवर नसून नागरिकांच्या सक्तीच्या लष्करी सेवेवर आहे. शिपाई आपली रायफल घरी नेतो, आणि नोकरीची मुदत संपल्यावर ठरलेल्या अटी पुऱ्या केल्यास ती स्वतःच्या मालकीची करून घेण्याची मुभाही त्याला असते. ज्याच्यावर हे कर्तव्य आहे अशा शिपायाने दरसाल गावच्या नेमबाजी संस्थेत जाऊन २० फैरींचा नेमून दिलेला पाठ पुरा करावा, असा सरकारी शिरस्ता आहे. ८५ गुणांच्या या परीक्षेत ४२ गुण मिळविणारा उत्तीर्ण ठरतो. १८२४ साली आराऊ येथे पहिला राष्ट्रीय नेमबाजी मेळावा भरला आणि त्याच वेळी राष्ट्रीय नेमबाजी संघही स्थापन झाला, तेव्हापासून फौजेची रायफल आणि खेळाची रायफल यांच्यातील सीमारेषा त्या मुलुखात कधीच फारशी ठळक राहिलेली नाही. म्हणूनच, अन्य देशांत केवळ सेनाधिकाऱ्यांच्या बैठकीत चर्चिला जाणारा एक प्रश्न तेथे सामान्य नेमबाजाच्याही वाट्याला येतो: एकाच जातीची रायफल लांब नळीची, मध्यम म्हणजे कार्बाइनच्या मापाची आणि अगदी आखूड नळीची अशा तीन रूपांत समोर असताना, शहाण्या माणसाने कोणती निवडावी?

वरवर पाहता हा प्रश्न सोयीचा वाटतो. आखूड रायफल हलकी, मोटारीत सहज मावणारी, अरुंद वाटेने नेण्यास सुलभ. लांब रायफल अवजड पण अचूक. तेव्हा ज्याला जे रुचेल ते त्याने घ्यावे, असे उत्तर दुकानदार देतो आणि गिऱ्हाईकही त्यावर समाधान मानते. परंतु या उत्तरात एक गैरसमज, एक अर्धसत्य आणि एक मोठी उणीव अशा तिन्ही गोष्टी दडलेल्या असल्यामुळे, नळीची लांबी नेमके काय करते हे आधी समजून घेणे अगत्याचे आहे.

काडतुसातील दारू पेटली की तिचा अतितप्त वायू होतो आणि तो प्रसरण पावताना गोळीला मागून रेटू लागतो. आरंभीच्या क्षणी हा दाब प्रचंड असतो. परंतु गोळी जसजशी पुढे सरकते तसतशी तिच्या मागची पोकळी वाढत जाते, दाब उतरत जातो, आणि त्यामुळे नळीच्या पहिल्या वितीत गोळीला जितका वेग लाभतो त्याच्या मानाने दुसऱ्या वितीत थोडा आणि तिसरीत त्याहूनही थोडा लाभतो. नळी अशीच वाढवीत गेल्यास अखेर असा एक बिंदू येतो की वायूचा उरलेला रेटा आणि नळीच्या आतल्या भिंतीचे घर्षण यांची बरोबरी होते आणि त्यापुढची लांबी वेगाच्या दृष्टीने निरर्थक ठरते. हा बिंदू कोठे यावा हे काडतुसातील दारूचे प्रमाण, तिच्या जळण्याची गती आणि गोळीचे वजन यांवर अवलंबून असते. यावरून दोन निष्कर्ष निघतात. लांब नळी थोडी कापली तर फारसे बिघडत नाही, हा पहिला. आणि आधीच आखूड असलेली नळी आणखी कापली तर प्रत्येक इंचाची किंमत चढत्या दराने मोजावी लागते, हा दुसरा. कार्बाइन आणि आखूड नळी यांच्यातील सारा वाद या दोन निष्कर्षांच्या मधल्या प्रदेशात चालतो.

स्विस रायफलींचा इतिहास या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. १८६९ साली फौजेने स्वीकारलेली फ्रीडरिख फेट्टर्ली यांची रायफल काळ्या दारूच्या युगातील होती. त्या दारूला आपले काम पुरे करण्यास लांब नळी लागे, आणि संगीन लावून घोडदळाला तोंड देणाऱ्या पायदळाच्या हाती जितके लांब हत्यार तितके बरे, अशीही त्या काळच्या सेनापतींची धारणा होती. या दोन कारणांनी त्या रायफलीची नळी ८०० मिलिमीटरांहून लांब होती. पुढे धूरविरहित दारू आली, थुन येथील दारूगोळ्याच्या कारखान्याचे संचालक एडुआर्ड रुबिन यांनी धातूचे वेष्टन असलेली लहान व्यासाची गोळी सिद्ध केली, बर्नच्या शस्त्रकारखान्याचे प्रमुख कर्नल रुडोल्फ श्मिट यांनी मूठ न वळवता सरळ मागे ओढून सरळ पुढे ढकलण्याची बोल्टची यंत्रणा रचली, आणि या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी १८८९ ची रायफल जन्मास आली. दारू बदलली, गोळी बदलली, यंत्रणा बदलली. लांबी मात्र सुमारे १ मीटर ३० सेंटिमीटर आणि नळी ७८० मिलिमीटर अशी जवळजवळ पूर्वीसारखीच राहिली. सवय ही फौजेच्या दफ्तरातील सर्वांत चिवट नोंद असते, याचा हा एक पुरावाच म्हणावा लागेल.

आखूड शस्त्र तोवर घोडेस्वार, तोफखान्याचे लोक, किल्ल्यांच्या तटबंदीवरील शिबंदी आणि सायकलस्वार पथके यांच्यासाठीच राखून ठेवलेले होते. घोडदळासाठी १८९३ साली मानलिखर पद्धतीची कार्बाइन घेण्यात आली, पण ती समाधानकारक ठरली नाही आणि १९०५ साली तिची जागा श्मिट-रुबिन कार्बाइनने घेतली. १९११ साली नवे, अधिक शक्तिमान काडतूस आले. ११.३ ग्रॅम वजनाची, टोकाला अणकुचीदार आणि बुडाशी निमुळती होत गेलेली त्याची गोळी आजही स्विस नेमबाज आदराने हाताळतात. या काडतुसाबरोबर फौजेने शस्त्रांची एक जोडीच नक्की केली: पायदळासाठी ७८० मिलिमीटर नळीची लांब रायफल, आणि इतरांसाठी ५९२ मिलिमीटर नळीची, सुमारे १ मीटर १० सेंटिमीटर लांबीची कार्बाइन. काडतूस एकच, बोल्ट एकच, सहा फैरींचे मॅगझिनही एकच. फरक काय तो लांबीचा. लांब की आखूड हा वाद इतक्या निर्मळ स्वरूपात क्वचितच कोठे मांडला गेला असेल.

आणि अनुभवाने निवाडा कार्बाइनच्या बाजूने दिला. जवळजवळ २० सेंटिमीटरांनी आखूड असूनही नव्या काडतुसाच्या जोरावर ही कार्बाइन पायदळाच्या बहुतेक कामांना पुरी पडत होती आणि डोंगरवाटांवर, खंदकात, वाहनात ती लांब रायफलीहून कितीतरी सुटसुटीत होती. इतरत्रही हाच कल दिसत होता. इंग्रजांनी १९०३ साली पायदळ आणि घोडदळ या दोहोंसाठी एकच आखूड ली-एनफिल्ड रायफल स्वीकारली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसत आलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच, आणि तिची नळी सुमारे ६४० मिलिमीटर आहे. तथापि कार्बाइनमध्ये एक न्यून होते. ५९२ मिलिमीटरांच्या नळीतून या जोरकस काडतुसाची फैर झाडली की धक्का आणि आवाज दोन्ही तीव्र होत, आणि ३०० मीटरांवरील स्पर्धेत लांब रायफलवाल्यांचे पारडे जड राही. शिपायाला आखूड हत्यार हवे आणि नेमबाजाला लांब नळी हवी. एकाच माणसाच्या ठायी हे दोन्ही धर्म एकवटलेले असताना फौजेने काय करावे?

या पेचातून कर्नल आडोल्फ फुरर यांच्या नेतृत्वाखालील बर्नच्या कारखान्याने जी वाट काढली ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावी अशी आहे. त्यांनी नळीच्या लांबीचा प्रश्न नळीपाशी सोडविलाच नाही. जुन्या यंत्रणेत बोल्ट फार लांब होता आणि त्याला सामावून घेणारा पोलादी कोठाही त्यामुळे तितकाच लांबलचक करावा लागे. रायफलीच्या एकूण लांबीचा बराचसा हिस्सा असा नळीच्या मागे, गोळीला काडीचाही वेग न देता, खर्ची पडत होता. फुरर यांनी बोल्टला अडकविणारे पोलादी खुंटे काडतुसाच्या अगदी पाठीशी आणले, त्यामुळे यंत्रणा मजबूतही झाली आणि आखूडही झाली, आणि मागे वाचलेली जागा त्यांनी पुढे नळीला बहाल केली. १९३१ च्या मे महिन्यात २०० चाचणी नमुने तयार झाले आणि त्या सालावरूनच ‘के-३१’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कार्बाइनची एकूण लांबी १९११ च्या कार्बाइनइतकीच, सुमारे १,१०५ मिलिमीटर राहिली. नळी मात्र ५९२ वरून ६५२ मिलिमीटरांवर गेली. हत्यार एक रेसभरही न वाढवता नळीला ६० मिलिमीटर मिळाले. गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे ७८० मीटर वेगाने बाहेर पडू लागली, आणि लांब रायफलीचे स्वतंत्र अस्तित्वच अनावश्यक झाले. १९३३ पासून १९५८ पर्यंत अशा सव्वापाच लाखांहून अधिक कार्बाइन तयार झाल्या. प्रारंभी त्यांचे दस्ते अक्रोडाच्या लाकडाचे असत, दुसऱ्या महायुद्धानंतर बीच वृक्षाचे होऊ लागले. दस्त्याच्या टोकाची पोलादी पट्टी उघडली असता आत पूर्वीच्या शिपायाचे नाव व पलटण लिहिलेली कागदाची चिठ्ठी सापडते, म्हणून जुन्या शस्त्रांचे संग्राहक आजही मोठ्या उत्कंठेने ती पट्टी उघडून पाहतात.

महायुद्धानंतर स्वयंचलित रायफलींचे युग आले. राइन नदीच्या प्रपाताशेजारी नॉयहाउझेन गावी असलेली, आणि १८५३ साली आगगाडीचे डबे बांधण्यासाठी स्थापन झालेली ‘सिग’ ही कंपनी १८६० च्या दशकापासूनच शस्त्रांकडे वळली होती. तिने १९५७ साली फौजेला दिलेली रायफल जुनेच काडतूस झाडणारी, सुमारे पावणेसहा किलो वजनाची आणि एकूण लांबीने के-३१ च्या तोडीची होती. तिच्या जागी १९८३ साली ज्या रायफलीची निवड झाली ती ‘एसजी ५५०’, फौजेच्या दफ्तरात ‘श्टुर्मगेवेर ९०’. तिचे काडतूस लहान, सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचे. नळी ५२८ मिलिमीटर. दस्ता उघडा असताना एकूण लांबी ९९८ आणि बाजूला घडी घातली असता ७७२ मिलिमीटर. वजन चार किलोंच्या किंचित वर. गोळीचा आरंभीचा वेग सेकंदाला सुमारे ९०५ मीटर. नागरिकांसाठी केवळ एकेक फैर झाडणारी तिची आवृत्ती ‘पीई ९०’ या नावाने निघाली आणि देशभरच्या नेमबाजी संस्थांत ती रुजली.

याच कुळात पुढे आखूड भावंडे जन्मास आली. ‘५५१’ ची नळी ३६३ मिलिमीटर, एकूण लांबी ८२७. वाहनांतील पथके आणि पोलीस यांच्या उपयोगी पडेल असे हे माप. त्याहूनही आखूड ‘५५२’ १९९८ साली आली. तिची नळी अवघी २२६ मिलिमीटर, म्हणजे मूळ रायफलीच्या निम्म्याहूनही कमी. आज जो खेळाडू ‘कार्बाइनच्या मापाची घेऊ की आखूड घेऊ’ असा विचार करतो, त्याच्यापुढे वस्तुतः याच तीन नळ्या मांडलेल्या असतात: ५२८, ३६३ आणि २२६.

आता मघाच्या गैरसमजाकडे वळू. आखूड नळी गोळीला वाकडी जाऊ देते, असे अनेकांना वाटते. ते खरे नाही. नळीच्या आतील पिळदार खाचा गोळीला फिरकी देतात आणि ती फिरकी वितभर नळीतही पुरी मिळते. उलट आखूड नळी अधिक ताठ असल्यामुळे झाडण्याच्या क्षणी तिचे कंप कमी होतात. यंत्राच्या पकडीत घट्ट बसवून झाडल्यास आखूड नळीची रायफल लक्ष्यावर तितकाच नेटका पुंजका उमटवू शकते. मग ३०० मीटरांवर आखूड रायफलवाल्याचे गुण का घसरतात? याची कारणे दोन आहेत: एक गोळीच्या वेगात, दुसरे नेमबाजाच्या डोळ्यात.

वेगाचे कारण असे. २२६ मिलिमीटरांच्या नळीतून निघणारी गोळी पूर्ण लांबीच्या नळीतून निघणाऱ्या गोळीपेक्षा सेकंदाला १०० मीटरांहून अधिक मंद असते. मंद गोळीला लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास अधिक काळ लागतो. त्या काळात ती अधिक खाली येते, आणि वारा तिला अधिक बाजूस ढकलतो. खाली येणे मोजता येते आणि नेमाच्या चकतीने ते भरूनही काढता येते. वारा मात्र प्रत्येक फैरीला आपला विचार बदलीत असतो. आल्प्सच्या दरीत दुपारी वाहणाऱ्या अस्थिर वाऱ्यात ज्याची गोळी अधिक काळ हवेत राहते त्याला दैवावर अधिक भिस्त ठेवावी लागते, इतकाच याचा अर्थ.

डोळ्याचे कारण गणिताने अधिक स्पष्ट होते. स्विस फौजी रायफलीवर नेम धरताना नेमबाज मागच्या लहान गोल छिद्रातून, आणि के-३१ वर मागच्या खाचेतून, नळीच्या टोकाजवळची खूण पाहतो, आणि ती खूण लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाशी जुळवितो. मागचे छिद्र वा खाच आणि पुढची खूण यांच्यातील अंतर जितके अधिक, तितकी डोळ्याची चूक लक्ष्यावर लहान होऊन उमटते. हे अंतर के-३१ वर ५६८ मिलिमीटर, ५५० वर ५४०, ५५१ वर ४६६ आणि ५५२ वर ३६० आहे. समजा, खूण जुळविताना साध्या कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी चूक झाली; तर ३०० मीटरांवर गोळी के-३१ मधून सुमारे ५३ मिलिमीटर, ५५० मधून ५६, ५५१ मधून ६४ आणि ५५२ मधून ८३ मिलिमीटर बाजूला जाते. आंतरराष्ट्रीय लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या ५० मिलिमीटर आणि नऊ गुणांच्या वर्तुळाची १०० असल्यामुळे, पहिल्या दोघींची गोळी दहाच्या कडेशीच पडते, ५५१ ची थोडी सरकते, आणि ५५२ ची नवाच्या पट्ट्यात खोलवर जाऊन बसते. चूक सर्वांची सारखीच होती; आखूड शस्त्राने तिचे व्याज अधिक आकारले, एवढेच. दुर्बिणीचा नेमदर्शक बसविल्यास हे दुसरे कारण जवळजवळ नाहीसे होते, कारण तेथे जुळविण्यास दोन खुणाच उरत नाहीत. परंतु परंपरागत स्विस फौजी स्पर्धा उघड्या डोळ्यांनी, दुर्बिणीशिवायच खेळल्या जातात, आणि तेथे अंतराचे हे गणित टाळता येत नाही.

वेग आणि डोळा ही दोन निरनिराळी कारणे आहेत, हे आपल्याकडच्या नेमबाजांना वेगळे सांगण्याची गरज नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफलीचे जागतिक विजेतेपद मिळविले, स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये त्याच अंतरावर कांस्यपदक पटकाविले. या क्रीडाप्रकारातील लहान काडतुसात दारू इतकी थोडी असते की ४०-४५ सेंटिमीटर नळीतच वेगाचा सारा लाभ संपून जातो. म्हणून या रायफली घडविणारे कारागीर पुष्कळदा नळी आखूड ठेवतात आणि तिच्या टोकावर एक पोकळ नळकांडे चढवून पुढची खूण त्यावर बसवितात. गोळी आखूड नळीतून सुटते आणि डोळा लांब रायफलीतून पाहतो. फुरर यांनी मागून वाचविलेली जागा नळीला दिली. या कारागिरांनी नळीतून वाचविलेली जागा दृष्टीला दिली. लांबी कोठे खर्चावी हे दोघांनाही नेमके ठाऊक होते.

आखूड नळीची आणखी एक किंमत असते, ती यंत्राला मोजावी लागते. ५५० च्या कुळातील स्वयंचलित रायफलीत नळीच्या एका छिद्रातून थोडा वायू वर घेतला जातो आणि तो दट्ट्याला मागे ढकलून पुढचे काडतूस आत घेतो. नळी फार आखूड झाली की हे छिद्र काडतुसाच्या कोठ्याजवळ, जेथे दाब अजून उग्र आहे तेथे पाडावे लागते. यंत्रावर हिसका बसतो आणि भाग लवकर झिजतात. ५५२ मध्ये जागेच्या टंचाईमुळे दट्ट्याभोवतीची स्प्रिंग तेथून काढून यंत्रणेच्या मागच्या भागात न्यावी लागली होती. पुढच्या ‘५५३’ मध्ये रचनाकारांनी ती पुन्हा दट्ट्याभोवती आणली. जळून न संपलेली दारू नळीबाहेर पेट घेते, तिचा झोत आणि स्फोटाचा आवाज शेजारच्या नेमबाजालाही सोसावा लागतो, ही गोष्ट वेगळीच.

आता उरते ती दुकानदाराच्या उत्तरातील उणीव: कायदा. आखूड नळीचा प्रश्न बहुतेक देशांत कारागिराच्या टेबलावर सुटण्याआधीच सरकारच्या परवान्यात सुटलेला असतो, कारण लपविता येण्याजोग्या शस्त्राकडे राज्यकर्ते सर्वत्र साशंकतेने पाहतात. अमेरिकेत १९३४ च्या राष्ट्रीय शस्त्रकायद्यान्वये १६ इंचांहून, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरांहून आखूड नळीची रायफल स्वतंत्र नोंदणीखाली येते. ५५१ आणि ५५२ दोन्ही त्या रेषेच्या खाली आहेत. कॅनडात अर्धस्वयंचलित रायफलीसाठी ही सीमारेषा ४७० मिलिमीटर होती, आणि याच स्विस कुळातील ‘क्लासिक ग्रीन’ रायफली तेथील नेमबाजांनी हौसेने घेतल्या. २०१४ च्या आरंभी त्यांचे वर्गीकरण बदलून त्या निषिद्ध ठरविण्यात आल्या, मालकांच्या संतापानंतर तो निर्णय मागे पडला, आणि अखेर मे २०२० च्या आदेशाने त्यांच्यावर पुन्हा बंदी आली. मोजपट्टी घेऊन कायद्याच्या आत राहिलेला माणूसही, मोजपट्टीच बदलल्यावर, बाहेर फेकला जातो, हा या प्रकरणाचा धडा.

खुद्द स्वित्झर्लंडमध्ये मे २०१९ च्या सार्वमतात सुमारे ६४ टक्के मतदारांनी युरोपीय संघाच्या शस्त्रनियमांशी जुळवून घेण्यास संमती दिली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून नवे नियम अमलात आले. दहापेक्षा अधिक फैरींचे मॅगझिन लावलेली अर्धस्वयंचलित रायफल घेणाऱ्यास आता अपवादात्मक परवाना लागतो, आणि आपण नेमबाजी संस्थेचे सभासद आहोत किंवा नियमित नेमबाजी करतो, असा दाखला पाच वर्षांनी आणि दहा वर्षांनी द्यावा लागतो. फौजेतून थेट मिळालेल्या रायफलीस मात्र सवलत आहे. याखेरीज, दस्त्याची घडी घालून ६० सेंटिमीटरांहून आखूड होणारी आणि तरीही झाडता येणारी अर्धस्वयंचलित रायफल निषिद्ध वर्गात गणली जाते. घडी घातलेली ५५० ७७२ मिलिमीटर भरते, म्हणजे निर्धास्त. ५५२ ५०४ भरते, म्हणजे रेषेच्या पार खाली. आणि ५५१ ६०१ भरते, म्हणजे अगदी उंबऱ्यावर उभी. अशा ठिकाणी गिऱ्हाइकाने दुकानदाराच्या शब्दावर न विसंबता आपल्या कॅन्टनच्या शस्त्रखात्याकडे लेखी विचारणा करावी, हेच श्रेयस्कर.

कायद्याखालोखाल खेळाचे नियम येतात. दरसाल भरणाऱ्या आणि जगातील सर्वांत मोठा नेमबाजी उत्सव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय ‘फेल्डशीसेन’मध्ये एक लाखाहून अधिक लोक भाग घेतात, १८ फैरी, कमाल ७२ गुण, आणि हाती फौजेने मान्य केलेलेच शस्त्र. कोणती शस्त्रे आणि त्यांवरील कोणती जोडसाधने ग्राह्य आहेत याची अधिकृत यादीच असते, आणि के-३१, १९५७ ची रायफल व ५५० या तिघींना तेथे मानाचे स्थान आहे. झ्युरिकच्या आल्बिसग्युट्ली मैदानावर दर सप्टेंबरात होणाऱ्या ‘क्नाबेनशीसेन’मध्ये १३ ते १७ वर्षांची मुले, आणि १९९१ पासून मुलीही, पूर्ण लांबीच्या फौजी रायफलीनेच स्पर्धा खेळतात. कोवळ्या खांद्यांना चार किलोंचे शस्त्र जड जाईल अशी शंका येते. परंतु आडवे पडून, रायफलीचे पुढचे दोन पाय जमिनीवर टेकवून झाडताना वजन हातावर येत नाही, उलट तेच वजन धक्का शोषून घेते आणि नवख्याचा नेम स्थिर ठेवते. दुकानदाराच्या उत्तरातील अर्धसत्य ते हेच: हलकेपणाचा जो गुण आखूड रायफलीच्या बाजूने नेहमी सांगितला जातो, तो चालताना गुण असतो, झाडताना नसतो.

तेव्हा निवाडा काय? ज्याला रविवारी सकाळी गावच्या मैदानावर ३०० मीटरांवर खेळावयाचे आहे, त्याने ५२८ मिलिमीटरांची पूर्ण नळी घ्यावी. आणि ज्याला मंद गतीची, एकेक फैर मनापासून झाडण्याची हौस आहे त्याने के-३१ घ्यावी, कारण तिच्या रचनेत हा सारा वाद एकदा शांतपणे मिटविला गेलेला आहे. ज्याची स्पर्धा जवळच्या लक्ष्यांवर, धावत-वळत खेळावयाची आहे आणि ज्याच्या रायफलीवर दुर्बिणीचा नेमदर्शक आहे, त्याला ३६३ मिलिमीटरांची ५५१ शोभेल, मात्र परवान्याची खात्री करून घेतल्यावरच. २२६ मिलिमीटरांची नळी ही मोटारीच्या दारातून उतरणाऱ्या पोलिसाची गरज आहे; खेळाडूच्या हाती ती आली तर वेग, दृष्टी आणि यंत्राचे आयुष्य या तिन्ही खात्यांत तो तोटा सोसतो आणि बदल्यात त्याला मिळते ती केवळ कपाटातली थोडी रिकामी जागा.

लांबी कमी करावयाचीच असेल, तर ती आधी दस्त्याच्या घडीत, बोल्टच्या रचनेत, पिशवीच्या मापात शोधावी. नळी ही रायफलीतील सर्वांत शेवटी कापावयाची वस्तू होय, आणि ज्याला ती कापण्याचा मोह होतो त्याने तसे करण्यापूर्वी आपले लक्ष्य किती अंतरावर आहे, एवढाच एक प्रश्न स्वतःला विचारला तरी बहुतेक वेळा करवत बाजूला ठेवली जाईल.